बेचाळीस प्राणी आणि एक डालगं: प्राणी पकडायच्या गेमवरून छोटी ॲनिमेशन मालिका कशी करावी

माझ्या कॉलेजमधल्या मित्राने मोबाइलवर खेळायचा एक गेम केला होता. घाट उतरत खाडीपर्यंत भटकायचं, दिसेल त्या प्राण्यावर डालगं टाकायचं, पकडलेल्याला वाढवायचं आणि दुसऱ्याच्या प्राण्याशी झुंजवायचं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली, शहरातल्यांसाठी सांगते. प्राणी एकूण ४२. गेम फारसा चालला नाही, पण ज्यांना लागला त्यांना चांगलाच लागला. एका दिवाळीत फराळाला आला असताना तो म्हणाला, “तू स्टोरीबोर्ड करतेस ना? मग याची मालिका कर की.” माझ्या तोंडात चकली होती, मी मान हलवली.

पाच भाग, प्रत्येकी चार मिनिटं. माणसं तीन: मी आणि नुकतीच शिकून बाहेर पडलेली दोन मुलं. दीड वर्ष लागलं, त्यातले पहिले सहा महिने पार पाण्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मधूनमधून पोकेमॉन येत राहील, म्हणजे प्राणी पकडायच्या जपानी गेमचं आणि त्यावरच्या मालिकांचं घराणं. त्या घराण्याने हेच काम इतक्या तऱ्हांनी करून ठेवलं आहे की शिकायला दुसरीकडे जायची फारशी गरज पडत नाही.

वही घेऊन खेळा

गेमची गोष्ट शोधायला बसू नका. या जातीच्या गेममध्ये गोष्ट नावापुरती असते आणि ती तशीच बरी, कारण नायक म्हणजे खेळणारा. तो काय बोलतो, कशाला घाबरतो हे गेमनेच ठरवलं तर खेळणाऱ्याला आत शिरायला जागा उरत नाही. म्हणून नायक मुका असतो. मालिका करायला घेतली की ती रिकामी जागा टोचायला लागते आणि आपण घाईघाईने तिथे छाती पुढे काढून ‘मी सगळ्यांत मोठा होणार’ म्हणणारा पोरगा आणून उभा करतो. मीही केला. माझ्या पहिल्या मसुद्यात चार मिनिटांत नऊ प्राणी होते, एक खलनायक होता आणि एक भविष्यवाणी होती. भविष्यवाणी!

त्याचा कच्चा ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं ओळीने जोडून केलेला व्हिडिओ, मी भाच्याला दाखवला. वय वर्षं सात. नऊ प्राणी, खलनायक सगळं बघून झाल्यावर त्याने एकच विचारलं: “मावशी, त्या टोपलीखाली अंधार असणार ना? मग त्याला भीती नाही वाटली?”

त्या रात्री मी गेम पुन्हा पहिल्यापासून खेळले, शेजारी वही उघडी ठेवून. वहीत दोन रकाने. डावीकडे गेममध्ये आपला हात काय काय करतो त्याची नुसती क्रियापदं: चालणं, झाकणं, उचलणं, नाव ठेवणं, खाऊ घालणं, झुंजवणं, बदली करणं (दुसऱ्याशी अदलाबदल), वाढवणं, यादीत टिकमार्क करणं. गेममध्ये खेळणारा कर्ता आणि प्राणी कर्म. उजव्या रकान्यात तेच वाक्य प्राण्याला कर्ता करून लिहायचं. ‘मी त्याला झाकलं’ याच्यासमोर ‘तो अंधारात बसून राहिला’. ‘मी त्याची बदली केली’ याच्यासमोर ‘त्याला सकाळी वेगळ्याच माणसाचा वास आला’. दोन संध्याकाळी लागल्या. पाचही भाग त्या उजव्या रकान्यातून निघाले.

आणखी एक गोष्ट टिपा: पडद्याबाहेर काय घडतं? पोकेमॉन रेड आणि ग्रीन २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आले. पडदा १६० बाय १४४ पिक्सेल, छटा चार. गेमचे कर्ते सातोशी ताजिरी यांचं लहानपण टोकियोजवळच्या माचिदा इथे किडे पकडण्यात गेलं होतं, आणि दोन गेम बॉय जोडणारी केबल बघून त्यांना त्या तारेतून किडे इकडून तिकडे जाताना दिसले, असं ते सांगत आले आहेत. दोन आवृत्त्या मुद्दाम अशा केल्या की काही प्राणी एकीत, काही दुसरीत. एकट्याने यादी पुरी होणारच नाही, कुणाला तरी भेटावंच लागेल. म्हणजे गेमचा खरा प्रसंग पडद्यावर नव्हताच, तारेच्या दोन टोकांना बसलेल्या दोन पोरांमध्ये होता. तुमच्या गेममध्ये तो कुठे आहे ते बघा. आमच्या गेममध्ये बदली करायला दोन फोन एकमेकांना टेकवावे लागायचे. भाग तिसरा तिथून आला.

नियम निवडा, मग तो कुणालातरी मोडू द्या

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, त्यामुळे जरा सावकाश सांगते.

गेम म्हणजे नियमांची गाठोडी. नियम सगळ्यांना सारखा लागू होतो म्हणून तर गेम खेळता येतो. गोष्ट तिथे सुरू होते जिथे एकाला तो लागू होत नाही. १ एप्रिल १९९७ रोजी टीव्ही टोकियोवर पोकेमॉनच्या मालिकेचा पहिला भाग लागला. गेमचा नियम: सुरुवातीला तीन प्राण्यांपैकी एक निवडायचा, तो पकडायच्या चेंडूत राहतो. मालिकेत नायक सातोशी उशिरा उठतो. आपल्याकडे तो ॲश. आम्ही २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीतून बघायचो, सांगलीला मामाकडे, केबल गेली की गच्चीवर धावायचं. तर तो उशिरा पोचतो, तिन्ही प्राणी गेलेले असतात. उरलेला पिकाचू चेंडूत जायला साफ नकार देतो. एवढंच. नियम सांगितला आणि तो पाळायला नकार देणारा एकजण समोर ठेवला. भाग संपेपर्यंत पक्ष्यांच्या थव्यासमोर दोघं एकमेकांसाठी उभे राहतात आणि तुम्हाला मालिका मिळते.

तोच पिकाचू चौदाव्या भागात दुसऱ्यांदा नाही म्हणतो. समोर रायचू, त्याचंच वाढलेलं रूप. उत्क्रांती घडवणारा दगड लावला की हाही तसाच होईल, जिंकेल. तो दगड नाकारतो. गेममध्येही, दगडाने होणारी सोडली तर, उत्क्रांती चालू असताना बी बटण दाबलं तर ती थांबते. म्हणजे नकाराची सोय गेममध्ये होती, फक्त नकार देणारं बोट खेळणाऱ्याचं होतं. मालिकेने ते बोट प्राण्याला दिलं.

आता आमचं. ४२ प्राण्यांत एक निवट्या होता. निवटी हा खाडीच्या चिखलात राहणारा मासा, परांवर टेकत चिखलावरून चालतो, डोळे डोक्याच्या वर. कोकणात तो पकडून खातात. गेममध्ये निवट्या सगळ्यांत स्वस्त प्राणी, पहिल्या दहा मिनिटांत मिळणारा आणि कुणीच न वाढवणारा. नियम असा की डालगं पडलं की प्राणी तुमचा. मी उलटं विचारलं: डालगं उचललं आणि तो गेलाच नाही तर? पहिल्या भागात एक मुलगी निवट्याला रात्रभर झाकून ठेवते. झोप लागत नाही. पहाटे उठून डालगं उचलते, तोंड फिरवून बसते, कारण पळताना बघवणार नाही. बराच वेळ काही आवाज येत नाही. वळून बघते तर तो तिथेच, डोळे वर करून. कारण आम्ही सांगितलंच नाही. भाच्याने दिलेलं कारण मला आवडलं: “त्याला तिची भीती गेली असेल, अंधाराची नाही.”

सगळे नियम मोडायला जाऊ नका. मोह होतो. दर भागाला एक, आणि मोडण्याआधी तो पाळला जाताना एकदा दिसला पाहिजे. गेम न खेळलेल्या माणसाला नियमच माहीत नसतो, त्याला मोडतोड कशी कळणार? आमच्या पहिल्या भागात सुरुवातीच्या वीस सेकंदांत गावातली तीन पोरं डालगी टाकतात, उचलतात, तीन प्राणी निमूट त्यांच्यामागे चालू लागतात. एका ओळीचाही संवाद नाही.

किती लांब, कुठून बघायचं

छोट्या मालिकेचे तीन-चार घाट, म्हणजे बांधणीच्या तऱ्हा, मला माहीत आहेत. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली पोकेमॉन ओरिजिन्स, चार भाग, मूळ गेमच्या नायकाचीच कथा. एवढा मोठा गेम चार भागांत बसवायचा म्हणजे गाळणं आलं. त्यांनी नायकाचा प्रवास गेम सेव्ह केल्यासारख्या नोंदींतून भराभर पुढे नेला आणि दुसरा अख्खा भाग क्युबोन या प्राण्याला दिला, ज्याची आई मारली गेली आणि जिचं भूत मनोऱ्यात अडकलं आहे. बरोबर केलं. मूळ गेममध्ये आधीपासून उभी असलेली गोष्ट होती ती. तुमच्या गेममध्ये अशी एखादी जागा असेल तर तिला पूर्ण भाग द्या आणि बाकीचे दहा मुक्काम दोन वाक्यांत उरका.

२०१६ ची जनरेशन्स म्हणजे १८ तुकडे, बहुतेक तीन ते पाच मिनिटांचे, गेममध्ये पडद्यामागे राहिलेले प्रसंग. गेम खेळलेल्यांना मेजवानी, न खेळलेल्यांना अर्धवट. माझ्या चवीला हा घाट धोक्याचा.

पोकेमॉनचीच ट्वायलाइट विंग्ज मी सोळा वेळा तरी बघितली असेल. २०२०, स्टुडिओ कोलोरिदो, दिग्दर्शक शिंगो यामाशिता, सात भाग, प्रत्येकी सहा मिनिटांच्या आसपास. सुरुवात दवाखान्यात असलेल्या एका मुलापासून. त्याला विजेत्याची लढत बघायची आहे, तो पत्र लिहितो. मग पुढच्या भागांत गेममधली दुय्यम माणसं एकेक करून येतात, ज्यांना आपण गेममध्ये जेमतेम हरवून पुढे गेलेलो असतो. कुणी सराव करून थकलेली, कुणी दोन नोकऱ्यांत ओढली गेलेली. शेवटी गोष्ट पुन्हा त्या मुलापाशी येते. गेमचा नायक जवळजवळ नाहीच! ती रिकामी खुर्ची भरायच्या भानगडीत न पडता खुर्चीच्या आजूबाजूचे लोक दाखवले. सहा मिनिटांत एक माणूस, एक प्राणी, एक अडचण. वही काढून प्रत्येक भागाचे शॉट मोजा, मी मोजले होते.

आणि २०२३ च्या डिसेंबरातली नेटफ्लिक्सवरची पोकेमॉन कॉन्सिएर्ज. बाहुल्या हलवून केलेली, सुरुवातीला चार भाग, प्राण्यांसाठीच्या रिसॉर्टमध्ये नवी नोकरीला लागलेली मुलगी आणि डोकं धरून बसणारा सायडक. एकही झुंज नाही. झुंजीच्या गेमवरून! गेममधलं एक क्रियापद उचला आणि त्याच्यावरच राहा, याचा हा टोकाचा नमुना.

आम्ही ट्वायलाइट विंग्जचा घाट घेतला, लांबी कमी केली. चार मिनिटं का? कारण पैसे तेवढेच होते. कलात्मक कारण नंतर सुचलं.

झुंज

गेममध्ये झुंज पाळीपाळीने होते: चार चालींची यादी, तुम्ही एक दाबता, समोरचा उभा राहून मार खातो, मग तो मारतो. ॲनिमेशनमध्ये हे जसंच्या तसं आणलं तर दोघं रांगेत उभे असल्यासारखे दिसतात. पाळी मोडावीच लागते. पण गेमचं गणित, म्हणजे कोण कुणाला भारी, ते खेळणाऱ्यांना तोंडपाठ असतं आणि तुम्ही ते बिनदिक्कत मोडलंत तर ते माफ करत नाहीत.

पोकेमॉनच्या पहिल्या मालिकेच्या पाचव्या भागातली पिकाचू आणि ऑनिक्स या दगडी सापाची लढत बघा. गेमच्या हिशेबाने ऑनिक्सवर विजेचा परिणाम शून्य. मालिकेत पिकाचू आधी हरतो. मग त्याची वीज वाढवण्याचा खटाटोप होतो. दुसऱ्या लढतीत वीज सैरावैरा जाऊन आग लागते, छतावरचे आगीचे फवारे सुरू होतात, ऑनिक्स भिजतो आणि मगच विजेचा झटका त्याला बसतो. आणि त्यातही ॲश शेवटचा वार करत नाही, ऑनिक्सचा मालक ब्रॉक, त्याची भावंडं मध्ये येतात म्हणून थांबतो. गणित मोडायला किती शिड्या लावल्या ते मोजा. तरीही काही चाहते अजून कुरकुरतात.

आमच्या दुसऱ्या भागात निवट्यासमोर घाटावरचा खवल्या होता, खवले मांजरावर बेतलेला. गेममध्ये निवट्याचा प्रत्येक वार त्याच्या खवल्यांवरून घसरतो. आम्ही निवट्याला जिंकवलं नाही. ओहोटी लागते, खवल्या चिखलात रुतायला लागतो, निवट्या चिखलावर चालू शकतो. मुलगी डालगं उलटं करून खवल्याच्या पायाखाली सरकवते. झुंज तिथेच संपली. गेमचं गणित शाबूत, भरती-ओहोटी आमची. जागेने झुंज सोडवणं बळाने सोडवण्यापेक्षा स्वस्तही पडतं: मारामारीचे शॉट फार चित्रं खातात.

आता चित्रांचा हिशेब

चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ५७६०. एक चित्र दोन फ्रेम धरलं, आम्ही त्याला टूजवर म्हणतो, तर २८८० चित्रं. तीन फ्रेम धरलं तर १९२०. यातून स्थिर शॉट, सरकणारी पार्श्वभूमी, पुन्हा वापरलेली चाल आणि श्रेयनामावली वजा करा. आमच्या एका भागाला साधारण ९०० चित्रं लागली. स्वच्छ रेषेत दिवसाला एक मुलगा पंधरा काढतो. वीस म्हणाला तर विश्वास ठेवू नका. दोघं मिळून तीस, म्हणजे महिनाभर नुसती रेषा, त्यात रंग, पार्श्वभूमी, दुरुस्त्या धरून सहा-सात आठवडे. हा हिशेब पटकथा लिहायच्या आधी करा. नंतर केला की रडू येतं.

गेममधली प्राण्यांची चित्रं उचलून ॲनिमेट करता येत नाहीत. गेममध्ये खवल्याच्या अंगावर ५८ खवले होते. मित्राने एकदाच काढले होते, त्यामुळे त्याला काही वाटत नव्हतं. आम्हाला ते प्रत्येक चित्रात काढायचे, आणि तो वळला की प्रत्येक खवल्याचा कोन बदलणार. तीन दिवस काम केलेल्या मुलाने चौथ्या दिवशी फोन उचलला नाही. आम्ही खवले ११ वर आणले: पाठीवरची एक ठळक रांग, बाकी अंग सपाट रंगात, कडेला दोन-तीन दातेरी टोकं. लांबून बघितलं तर तोच प्राणी. कसोटी अशी: प्राण्याची नुसती काळी सावली काढा आणि गेम खेळलेल्या पोराला दाखवा. ओळखला तर आतलं सगळं कमी करायला मोकळे आहात.

मॉडेल शीटवर, म्हणजे सगळ्यांनी बघून काढायच्या नमुन्याच्या कागदावर, प्राणी समोरून, बाजूने, पाऊण वळलेला आणि मागून, शिवाय मुलीच्या शेजारी उभा. उंचीचं प्रमाण सगळ्यांत जास्त घोळ घालतं. गेममध्ये सगळे प्राणी एका चौकोनात बसवलेले असतात, बेडूक आणि गवा सारखेच. आमच्या पहिल्या भागात निवट्या एका शॉटमध्ये मांजराएवढा आणि पुढच्यात उशीएवढा आहे. अजून आहे. बघू नका.

साधनांवर फार वेळ घालवत नाही. क्रिटा आणि ब्लेंडर ही चित्रांची आणि ॲनिमेशनची सॉफ्टवेअर फुकट आहेत, ओपनटून्झही. त्याची मूळ प्रणाली स्टुडिओ जिब्लीने वापरलेली, २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. आम्ही रेषा क्रिटात आणि जोडणी ब्लेंडरमध्ये केली, कारण मुलांना ते येत होतं. तुमच्या मुलांना येतं ते वापरा.

आवाज

गेम बॉयवर प्राण्यांचे आवाज म्हणजे चिपमधून निघालेली खरखर. मालिकेत ते स्वतःचं नाव बोलू लागले. पिकाचूला आवाज दिला इकुए ओतानी यांनी, आणि बाकी संवाद दुसऱ्या भाषांत गेले तरी त्यांचा आवाज बहुतेक ठिकाणी तसाच ठेवला. त्या तीन-चार अक्षरांत राग, लाज, झोप सगळं येतं. तसा नट मिळाला तर नाव बोलू द्या. आम्हाला मिळाला नाही. निवट्यासाठी आम्ही ओल्या मातीत बोट खुपसून काढल्याचा आवाज वापरला, तीन जातींचा: पटकन, हळू आणि हवा अडकलेला. बोट माझं, कुंडी आईची.

मुलीचे संवाद मालवणीत होते. गोष्ट कालावल खाडीच्या काठची, पुणेरी मराठी तिथे शोभली नसती. मी लिहिलेली मालवणी मला झकास वाटत होती. मालवणच्या एका आजींनी ती ऐकली आणि विचारलं की ही मुलगी नाटकात काम करते का. सगळे संवाद त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतले, निम्मे त्यांनी काढूनच टाकले. संवाद आधी रेकॉर्ड करा, चित्रं नंतर. ओठ जुळवणं सोपं जातं हे एक, आणि आजींनी काढून टाकलेल्या संवादाची चित्रं तोवर काढलेली नसतात.

झगमगाट मोजा

हे टाळायचं नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनचा ३८ वा भाग लागला. त्यात पिकाचूच्या विजेने क्षेपणास्त्रं फुटतात आणि पडद्यावर लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकतो. जपानभर ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, काहींना फिट आल्या. मालिका चार महिने बंद राहिली, तो भाग पुन्हा कधी लागला नाही. दोष बिचाऱ्या पोरिगॉन या प्राण्याच्या माथी बसला, कारण भाग त्याच्या नावाचा होता. लुकलुकाट पिकाचूच्या विजेचा होता.

प्राण्यांच्या झुंजीत वीज, स्फोट, चमक येणारच. पाळायचा दंडक: पडद्याचा मोठा भाग व्यापणारी उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त नाही, आणि भडक लालाची तर शक्यतो नाहीच. २४ फ्रेमच्या पट्टीवर हे मोजणं अवघड नाही, कागदावर करता येतं. चमक हवीच असेल तर एकदाच पांढरं करा, मग रंग हळूहळू परत येऊ द्या. नजरेला जास्त जोरदार वाटतं.

हक्क (हे आधी सांगायला हवं होतं)

दुसऱ्याच्या गेमवर मालिका करणं म्हणजे कायद्याच्या भाषेत रूपांतर, आणि ते करायचा हक्क मूळ मालकाचा. पोकेमॉनवर स्वतःची मालिका करून बघायची असेल तर हात साफ करायला करा, पण ती निन्टेन्डो, गेम फ्रीक आणि क्रीचर्स या कंपन्यांची मालमत्ता आहे, त्यावर पोट भरायचं स्वप्न बघू नका. छोट्या, स्वतंत्र गेमवाल्याकडे जा. बहुतेक जण खूश होतात.

मित्र असला तरी कागद करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीन बारकावे आहेत जे मला कुणी सांगितले नव्हते. लेखी करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांसाठीच दिलेत असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तो आपोआप सुटतो. माझे सहा महिने भविष्यवाणीत गेले होते, त्यामुळे तिसऱ्या बारकाव्याने मला घाम फुटला. इंटरनेटवर टाकायचं तर दुसरा बारकावा महत्त्वाचा, कारण तिथे ‘भारतापुरतं’ असं काही नसतं. करारात आणखी एक ओळ घाला: मालिकेत तयार झालेली नवी पात्रं, नवे आवाज, नव्या सवयी कुणाच्या? आमची मुलगी गेममध्ये नव्हती. निवट्या होता. पण न पळणारा निवट्या?

ही ओळ आम्हाला खरोखर लागली. पोकेमॉनच्या बाबतीतही उलटी वाट झाली होती: १९९८ मध्ये यलो आवृत्ती आली, तिच्यात पिकाचू चेंडूत न जाता खेळणाऱ्याच्या मागे चालतो, मालिकेतून गेममध्ये गेलेला. आमचा पाचवा भाग लागल्यावर दोन महिन्यांनी मित्राने गेम सुधारला. आता कधीकधी डालगं उचललं तरी निवट्या जागचा हलत नाही. त्याने कुठे जाहीर केलं नव्हतं. आठवड्यात पहिली तक्रार आली: “प्राणी अडकतो. गेममध्ये चूक आहे, दुरुस्त करा.”